वर्षाचं भरायचं, पण सगळं नाही

चार माणसांच्या घराला वर्षाला गहू किती लागतो, असं विचारलं की ‘दोन पोती’ असं उत्तर येतं. पोतं पन्नासचं की शंभरचं, हे कुणी सांगत नाही. हात आखडता असलेल्या घरात धान्य भरण्याचं काम इथेच बिघडतं. जास्त आणलं तर जूनमध्ये वह्या-पुस्तकांना पैसे उरत नाहीत, आणि उरलेलं धान्य पुढच्या चैत्रापर्यंत किडून जातं. म्हणून आमच्याकडे फेब्रुवारीत वही उघडली की सुरुवात पोळीपासून होते.

एक किलो कणकेत साधारण ६०० मिली पाणी जातं, म्हणजे गोळा झाला १६०० ग्रॅमचा. मध्यम पोळीची लाटी ४० ग्रॅमची धरली तर किलोच्या चाळीस पोळ्या होतात. माणशी दिवसाला सहा, चार माणसांच्या चोवीस, म्हणजे रोज ६०० ग्रॅम पीठ, महिन्याला १८ किलो, वर्षाला २१६. आठवड्यातले दोन दिवस भाकरी असेल तर गहू १५५ किलोवर येतो आणि ज्वारी पन्नासेक किलो लागते. तुमच्या घरातली पोळी ३० ग्रॅमचीही असेल, फुलके असतील. चार दिवस लाटी वजनकाट्यावर ठेवून बघा, आकडा आपोआप निघतो. पाहुणे, सणवार आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारी भाचरं यांच्यासाठी वर दहा किलो पुरेत.

यातून रेशन वजा करायचं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यात गहू किती आणि तांदूळ किती हे बदलत राहतं. म्हणून कागदावरचा हक्क न लिहिता गेल्या सहा महिन्यांत खरोखर घरात आलेले किलो लिहायचे. महिन्याला आठ किलो गहू येत असेल तर वर्षाचे ९६ किलो तिथेच सुटले. बाजारातून साठ आणले की झालं. रेशनचा गहू खराब म्हणून बाजूला ठेवणारी घरं आहेत. तो चाळून, एक ऊन देऊन, बाजारच्या गव्हात निम्मा-निम्मा मिसळून दळला तर पोळीत फरक कळत नाही.

आता पैशांचा हिशेब, कारण ‘वर्षाचं भरलं की स्वस्त पडतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. पुढचे भाव हिशेबापुरते धरलेत. जागी तुमच्या बाजारचे घाला. एप्रिलमधला सुटा गहू ३४ रुपये, दर महिन्याला घेतला तर वर्षाची सरासरी ३७, चाळण्यातली घट एक रुपया, दळण ६ रुपये, आणि पाकिटातलं पीठ ५२ रुपये किलो. म्हणजे दर महिन्याला गहू आणून दळलेलं पीठ ४४ ला पडतं आणि एप्रिलमध्ये भरलेल्या गव्हाचं ४१ ला. १५५ किलोवर पाकीट सोडल्याची बचत १,२४० रुपये, आणि त्यापुढे वर्षाचं एकदम भरल्याची फक्त ४६५. त्यातला पाच टक्के गहू किडला, म्हणजे पावणेआठ किलो गेला, तर ४६५ मधले २६५ तिथेच संपले. आणि भरण्यासाठी ५,२७० रुपये महिना दोन टक्क्यांनी उचलले नि वर्षभर थोडे थोडे फेडले, तर सरासरी निम्मी रक्कम बारा महिने डोक्यावर राहते. व्याज सव्वासहाशेच्या वर जातं. बचत तर गेलीच, वर खिशातून दीडशे-पावणेदोनशे गेले.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या वर्षी पाकीट सुटतं, दर महिन्याला गहू आणून दळण होतं. त्यातून महिन्याला वाचलेले शंभर-सव्वाशे रुपये डब्यात बाजूला पडतात, किंवा भिशीचा नंबर मार्च-एप्रिलमध्ये मागून घेतला जातो, आणि दुसऱ्या वर्षी त्या पैशात पाव कोठी तरी भरते. व्याजाने पैसे काढून धान्य भरू नये. दुकानदाराची उधारीही त्यातच आली, कारण उधारीवाल्याला तो भाव सांगत नाही, आकडा सांगतो.

खरेदीचा हंगाम प्रत्येक जिनसाचा वेगळा असतो, आणि एप्रिलमध्ये सगळं एकदम आणण्याची पद्धत इथे नडते. तांदूळ दिवाळीनंतर कापला जातो, जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात भरपूर असतो. तूर डिसेंबर ते फेब्रुवारी निघते, नवी डाळ मार्चपर्यंत गिरणीतून येते. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्चपासून मेपर्यंत, उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये. बाजरीचं पीक खरिपाचं, ती सप्टेंबर-ऑक्टोबरला निघते. मे महिन्यात घेतलेली बाजरी म्हणजे सात-आठ महिन्यांची जुनी, तिला पावसाळ्यात कोठीत ठेवण्यात काही राम नाही. हंगामाप्रमाणे घेतलं की खर्चही जानेवारी ते मे असा पाच पगारांवर विभागला जातो, हा दुसरा फायदा.

गव्हाचा वाण चवीप्रमाणे: लोकवन, २१८९, सिहोरचा शरबती. शरबतीची पोळी मऊ राहते हे खरं, पण भावातला फरक रोजच्या डब्याला परवडत नाही. लोकवन किंवा २१८९ पुरेसा आहे. दुकानात दोन ढीग असतात, ‘मशीन क्लीन’ आणि ‘गावरान’. दुसरा किलोमागे दोन-तीन रुपये स्वस्त दिसतो. एक किलो घेऊन घरी चाळायचा आणि निघालेले खडे, माती, कुसळं, फुटका दाणा असं सगळं तोलायचं. ३४ रुपयांच्या गव्हात ३० ग्रॅम कचरा निघाला तर तो एक रुपयाचा झाला. तिथे गावरान घेणं फायद्याचं. ८० ग्रॅम निघाला तर पावणेतीन रुपये गेले, निवडायची मेहनत फुकट.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गहू पावसात भिजलेला आहे का ते पाहणं. मार्च-एप्रिलच्या अवकाळीत सापडलेला गहू वाळवून विकायला येतो. दाण्याची चकाकी गेलेली असते, टोकाला काळपट डाग असतो, मूठभर हातात चोळला तर कुबट वास येतो. असा दाणा कोंब फुटायच्या बेतात येऊन थांबलेला असतो, आत पिष्टाची साखर व्हायला लागलेली असते. कणीक मळताना ती आधी बरी वाटते, दहा मिनिटांत सैल पडते, पोळी चिकट होऊन तव्याला धरते. हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. म्हणून एकदम पोतं उचलायचं नाही. आधी दोन किलो न्यायचा, दळून पोळ्या करून बघायच्या, मग त्याच लॉटमधला घ्यायचा. ‘त्याच लॉटमधला’ हे शब्द दुकानदाराला पहिल्या दिवशीच सांगून ठेवावेत. आठ दिवसांनी नमुना तोच आणि पोतं दुसरं, असं होऊ शकतं.

ओलावा दाताने कळतो. दाणा दाढेखाली ठेवून चावला की ‘कट्’ असा आवाज करून दोन तुकडे व्हायला हवेत. चेपला गेला, तुकडे मऊ वाटले, तर ओल आहे. गव्हात बारा टक्क्यांच्या आत ओलावा असेल तर तो टिकतो. त्यावर गेला की किडीला आणि बुरशीला दोन्हींना सोयीचा होतो.

सुटा की पाकिटबंद, याला कराचीही एक बाजू आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकिटबंद धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागू झाला; सुट्ट्या मालावर आणि २५ किलोच्या वरच्या कट्ट्यावर तो नाही. त्यामुळे तीस किलोचा कट्टा दहा-दहाच्या तीन पाकिटांपेक्षा स्वस्त पडतो. एका घराला एकदम तीस किलो डाळ जास्त होते. शेजारच्या दोन घरांनी मिळून कट्टा फोडावा. मार्केट यार्डात घेतलं तर भावावर हमाली, तोलाई आणि टेम्पोचं भाडं धरूनच किलोचा दर काढायचा. पन्नास किलोसाठी यार्डात जाणं बहुतेक वेळा अंगावर येतं, दोनशे किलोला पुरतं. गावाकडून पायलीने ज्वारी येणार असेल तर एक पायली तोलून घ्या. पायली हे माप आहे, वजन नाही, आणि ती गावागणिक बदलते. घरी आलेलं पोतं तोलायला माणसाचं वजन करायचा काटा चालतो: पोतं उचलून उभं राहायचं, मग रिकाम्या हातांनी, वजाबाकी करायची.

ज्वारीत मालदांडी घ्यावी, रब्बीची. मंगळवेढा-सोलापूरकडची मोत्यासारखी दिसते आणि भाकरी पांढरी होते. खरिपाची ज्वारी स्वस्त असते, पण कणसं पावसात सापडली तर दाणा काळा पडतो, भाकरी थापताना चिरते आणि ती टिकतही नाही.

आता ऊन. गहू घरी आल्यावर आधी चाळून, पाखडून घ्यायचा आणि मगच वाळत घालायचा. धुळीत आणि फुटक्या दाण्यात कीड आधी वाढते. गच्चीवर थेट लादीवर पसरला तर खालून गार लागतो. खाली गोणपाट किंवा ताडपत्री, त्यावर जुनी चादर, त्यावर गहू. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. सकाळी दहा ते चार, दर तासाला हाताने खालीवर करायचा, असे दोन ते तीन दिवस. काळ्या प्लॅस्टिकवर पातळ थर देऊन वरून पारदर्शक प्लॅस्टिकने झाकलं आणि कडा विटांनी दाबल्या, तर आतली उष्णता उघड्या उन्हापेक्षा बरीच वर जाते आणि दाण्याच्या आतली अंडी-अळ्यासुद्धा मरतात. मात्र ही झाकण्याची रीत आधी वाळलेल्या धान्यालाच. ओल्याला झाकलं की वाफ धरते, प्लॅस्टिकच्या आतून थेंब टपकतात. झाकलेलं धान्य संध्याकाळी उघडून मोकळं करायचं.

आतली अंडी मारण्यावर एवढा भर कशासाठी, तर सोंडे किडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो. खरेदीच्या दिवशी गहू स्वच्छ दिसतो. महिन्याभराने आतून किडा बाहेर येतो, आणि लोक कोठीला दोष देतात.

वाळवण्यातली सर्वांत मोठी चूक चार वाजता घडते. ऊन उतरलं की गरम गहू तसाच कोठीत ओतला जातो. झाकण बसलं की रात्री पत्रा गार होतो, आतल्या गरम हवेतली ओल पत्र्याच्या आतल्या बाजूला घाम होऊन धरते आणि वरचा चार बोटं थर ओला होतो. जुलैत बुरशी दिसते ती वरच्या थरात आणि कडेला, ती याचीच. शेवटच्या दिवशीचा गहू रात्रभर घरात चादरीवर पसरून ठेवायचा, पंखा लावायचा, सकाळी हाताला गार लागला की भरायचा.

तांदळाला ऊन दाखवायचं नाही. कडक उन्हात तांदूळ तडकतो आणि शिजताना त्याची कणी होते. तो सावलीत, वाऱ्यावर, एक दिवस पसरून भरायचा. तांदळाच्या बाबतीत वर्षाचं भरण्याला खरा अर्थ आहे, कारण इथे साठवणुकीने माल सुधारतो. नवा कोलम जानेवारीत स्वस्त असतो. लगेच शिजवला तर भात चिकट होतो, म्हणून लोक जुन्या तांदळाला जास्त पैसे देतात. तोच नवा तांदूळ घरात आठ-दहा महिने राहिला की जुना होतो, पाणी जास्त पितो, फुगतो. जानेवारीत घेतलेला दसऱ्यानंतर काढायचा आणि तोवर रेशनचा किंवा गेल्या वर्षीचा खायचा, अशी साखळी एकदा बसली की जुन्या तांदळासाठी वेगळे पैसे जात नाहीत. इंद्रायणीला हे लागू नाही. तिचा चिकटपणा आणि वासच हवा असतो. ती नवीच खावी, दोन-तीन महिन्यांपुरती.

कडधान्याची कीड वेगळी आहे आणि तिचा उपायही वेगळा. मूग, चवळी, मटकी, हरभरा यांना लागणारा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालून ठेवतो. ती घरापर्यंत दाण्यासोबत येतात. अळी अख्ख्या दाण्याच्या आत वाढते आणि गोल भोक पाडून बाहेर पडते. डाळ केली की हा भुंगा फारसा लागत नाही, त्याला अख्खा दाणा लागतो. जुन्या बायका तूर, हरभरा भरडून डाळ करून ठेवायच्या त्यात हा हिशेब होताच. गावाकडून अख्खी तूर येत असेल तर क्विंटलला सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ पडेल असं धरून भरडाईचा खर्च काढावा. चुणी-टरफल गुरांना जातं, शहरात ते फुकट गेलं.

अख्खं कडधान्य ठेवायचंच असेल तर एरंडेल. किलोला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली, त्याहून जास्त नाही. परातीत दोन-दोन किलो घेऊन दोन्ही हातांनी चोळायचं, प्रत्येक दाण्याला नुसती चमक यायला हवी. तेलाच्या पातळ थराने अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती मरतात. काम तेलाच्या थराचं आहे, वासाचं नाही. त्यामुळे अर्धं चोळलेलं कडधान्य म्हणजे न चोळलेलंच. चमचे वाढवले तर दाणे एकमेकांना चिकटतात, पावसाळ्यात खवट वास येतो. गव्हाला किलोला अर्धा चमचा पुरतो, शंभर किलोला पाव लिटर. तेल लावलेलं धान्य पुन्हा तासभर सावलीत पसरायचं. वापरताना मूग-मटकी कोमट पाण्याने दोनदा धुवायची. तेल लावलेला गहू दळायला नेण्याआधी कोरड्या फडक्यात चोळून पुसला तर पिठाला वास येत नाही.

कडुलिंबाचा पाला चालतो, पण सावलीत खडखडीत वाळवलेला. झाडावरून तोडून तसाच घातला तर आपण स्वतःच्या हाताने पाणी घातलं. तमालपत्र, लवंगा, सुक्या मिरच्या यांनी मन रमतं. भरलेल्या कोठीला त्यांचा आधार धरू नये. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. बोरिक ॲसिड खाण्याच्या जिनसात घालायला परवानगी नाही, आणि धुऊन ते पूर्ण जाईल याचा भरवसा नाही. पाऱ्याच्या गोळ्याही तशाच. किडीसाठी काही दुकानांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात, त्या घरात आणायच्याच नाहीत. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. ती गोदामाची वस्तू आहे. चार-पाचशे रुपयांच्या धान्यासाठी असला धोका कुणी पत्करू नये.

भांड्याचा हिशेब: शंभर किलो गव्हाला साधारण १३० लिटरची जागा लागते. १५५ किलो म्हणजे दोनशे लिटर. नवी कोठी घ्यायला पैसे नसतील तर तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे. एका डब्यात बाराएक किलो गहू मावतो, तेरा डबे लागतील. वडेवाल्याकडे, मिठाईवाल्याकडे रिकामे डबे स्वस्तात मिळतात. कढत पाणी आणि सोड्याने धुऊन, दोन दिवस उन्हात उलटे ठेवून, आतून हात फिरवून बघायचं. तेलाचा चिकटपणा राहिला तर तो खवटतो आणि धान्याला वास लागतो. खरं तर एका मोठ्या कोठीपेक्षा डबे बरे. एका डब्यात कीड पडली तर बारा किलोंचा प्रश्न, कोठीत पडली तर सगळ्यांचा. छोट्या खोलीत डाळीसाठी पाण्याच्या दोन लिटरच्या प्लॅस्टिक बाटल्या उत्तम: दीड-पावणेदोन किलो डाळ बसते, झाकण घट्ट, पलंगाखाली आडव्या राहतात. बाटली आतून पूर्ण वाळायला चार दिवस लागतात, घाई करू नये.

डबे काठोकाठ भरायचे. वर मोकळी जागा राहिली की हवा राहते आणि किडीला श्वास मिळतो. जमिनीवर थेट ठेवायचे नाहीत. विटा आणि त्यावर फळी, भिंतीपासून वीतभर लांब. पावसाळ्यात भिंत आणि फरशी दोन्ही ओल सोडतात. डब्यावर कागद चिकटवून जिन्नस, वजन, भरल्याची तारीख लिहायची. हे फालतू वाटतं, पण ऑक्टोबरात कोणता आधी काढायचा हे त्या कागदावरूनच कळतं.

आता काय भरायचं नाही ते. शेंगदाणे नको, सोललेला दाणा पावसाळ्यात खवटतो, बुरशी धरतो, आणि बुरशीचे दाणे निवडून उरलेले खाणं धोक्याचं आहे. शेंगा असतील तर राहतात. रवा, पोहे, मैदा, साबुदाणा महिन्याला. रव्यात पावसाळ्यात जाळी होते, आणलेला पुडा चार दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग बरणीत भरला तर अंडी मरतात. गूळ पावसाळ्यात पाझरतो, दोन महिन्यांपलीकडे नको. तेल वर्षाचं कुणी भरत नाही, पण डबा घेताना एक गोष्ट तपासावी: एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. पंधरा किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर तेल आलं, पंधरा लिटरच्या कॅनमध्ये मात्र तेरा किलो साडेसहाशे ग्रॅम. दोघांचा भाव शेजारी लावताना लोक लिटर आणि किलो एकच धरतात. पिशव्यांवरही लिटरऐवजी ग्रॅम वाचावे.

कांदा हा बिनभरवशाचा. उन्हाळी कांदाच टिकतो. खरिपाचा लाल कांदा आठवड्यांत कोंब धरतो. मे महिन्यात वीस-पंचवीस किलो, मान पूर्ण वाळलेला, साल सुटी पण न गळालेली, मध्यम आकाराचा घ्यायचा. पोत्यात नाही, पलंगाखाली एकाच थरात, हवा खेळेल असा पसरायचा आणि बटाट्यापासून लांब. दर आठवड्याला नासका उचलायचा, एक सडला की शेजारचे चार घेतो. इतकं करूनही ऑक्टोबरपर्यंत काही किलो जाणारच, ते धरूनच भाव बघायचा. लसूण जुड्या बांधून टांगला की सोपं काम आहे.

तूरडाळीबद्दल थोडं सावध राहायला हवं. २०१५ मध्ये दिवाळीच्या सुमारास ती किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, आणि २०१६-१७ च्या हंगामात तुरीचं पीक एवढं आलं की क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावासाठी शेतकरी खरेदी केंद्रांवर रांगा लावून होते. महागाईच्या धास्तीने दोन वर्षांची डाळ भरणाऱ्यांनी २०१७ मध्ये तीच डाळ निम्म्याहून कमी भावात बाजारात पाहिली. डाळ वर्षाची घ्यायचीच तर मार्चमध्ये निम्मी, मेमध्ये निम्मी. रोजच्या वरण-आमटीला चार माणसांत ८० ग्रॅम धरली तर वर्षाला २९ किलो. एवढ्याचं ओझंही फार नाही.

जूनपासून काम कमी, पण चुकवायचं नाही असं. मोठा डबा महिन्यातून एकदाच उघडायचा, पाऊस थांबलेल्या कोरड्या दुपारी, आणि महिन्याचं धान्य काढून लहान डब्यात घ्यायचं. उघडल्यावर कोपरापर्यंत हात खाली घालून बघायचा. मध्येच कुठे धान्य कोमट लागलं तर तिथे कीड आहे. किडे जमले की ऊब तयार होते, डोळ्यांना दिसण्याआधी ती हाताला कळते. वास घ्यायचा. तळाला पिठासारखा भुगा दिसला तर डबा त्याच दिवशी रिकामा करायचा, चाळायचा, ऊन नसेल तर मोठ्या कढईत मंद आचेवर थोडा थोडा गहू हाताला चांगला गरम लागेपर्यंत परतायचा, गार करून आधी तोच दळून संपवायचा. चाळलेला भुगा घराबाहेर टाकायचा; ओट्याखालच्या केराच्या डब्यात टाकला की किडे रात्री परत येतात.

दळणाचेही पैसे वाचतात किंवा जातात. महिन्याचे अठरा किलो एकदम दळू नका. पावसाळ्यात गव्हाचं पीठ तीन आठवडे, ज्वारीचं दहा-बारा दिवस टिकतं, बाजरीचं आठवड्यात कडवट व्हायला लागतं. नेताना आणि आणताना तोलायचं. शे-दीडशे ग्रॅम जात्यात राहतं, त्याहून जास्त कमी आलं तर गिरणीवाल्या दादांना तिथेच विचारायचं. आपल्या आधी ज्वारी किंवा हरभरा दळला असेल तर नंबर एक मागे घ्यावा, नाहीतर पहिलं किलोभर पीठ त्याचंच येतं. घरी आलेलं गरम पीठ कागदावर पसरून गार केल्याशिवाय डब्यात भरू नये, कारण तेच, आतून घाम धरण्याचं.

ऑक्टोबरचं ऊन आलं की उरलेल्या डब्यांना एक दिवस पुन्हा दाखवायचं. तोवर गहू निम्म्यावर आलेला असतो, बाजारात नवी बाजरी उतरलेली असते, आणि संक्रांतीपर्यंत भाकरीचे दिवस वाढवले तर गहू मार्चला टेकतो. शेवटचे चार-पाच किलो उरलेच तर ते नव्या गव्हावर ओतायचे नाहीत. डबा रिकामा करून, सांध्यातला भुगा ब्रशने काढून, धुऊन, उन्हात दोन दिवस उलटा ठेवल्यावरच नवा गहू भरायचा. जुना आधी दळून टाकायचा, आणि वहीत लिहायचं: यंदा किती उरला.